अक्षताच्या हळदीआधी

सुगंधा राऊळ मला पहिल्यांदा दिसली ती शेजारच्या नलिनीच्या थोरल्या मुलीच्या हळदीला. विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत मी नुकतीच राहायला आले होते. खाली मांडव होता आणि स्पीकर कानठळ्या बसवत होता. हिरव्या साडीतली एक ठेंगणी बाई तरातरा चालत गेली आणि स्पीकरवाल्याला म्हणाली, "रे, तुझो भोंगो बंद कर बघू. घाणो भरूचो आसा."

त्याने मुकाट्याने बंद केला. आंब्याची पानं बांधलेली मुसळं बायकांनी धरली, उखळात हळकुंडं पडली आणि सुगंधाने आवाज लावला. तिच्या गावाकडे असा हळद कांडून घाणा भरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि गाण्याशिवाय घाणा भरत नाहीत. नवरीचं, तिच्या आईचं, मामाचं नाव घालून ती ओळी जागच्या जागी जुळवत होती. विहिणीला दोन टोमणेही बसले. बायका हसल्या, आणि पुढच्याच ओळीला नलिनीने डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर आमच्या चार इमारतींत सुगंधाशिवाय हळद झाल्याचं मला आठवत नाही.

तिचे खालचे दात तेव्हाच हलत होते. पुढे एकेक करून गेले आणि कवळी आली. दात गेले की खालचं हाड झिजत जातं, हे आम्हाला नंतर कळलं. कवळी दर वर्षी सैल होत गेली. एका लग्नात उंच सूर लावताना ती उचलली गेली आणि उखळाजवळ पडली. पाहुण्यांतल्या दोन मुली फिस्सकन हसल्या. एकीच्या मोबाइलवर शूटिंग चालू होतं. सुगंधाने कवळी उचलून पदरात घेतली आणि ती घरी गेली. त्यानंतर ती हळदीला यायची, मुसळ धरायची, पण गायची नाही.

मग तिच्या अक्षताचं लग्न ठरलं. अक्षता एकुलती एक, वांद्र्याला एका कचेरीत नोकरीला. तिने आईला स्वच्छ सांगितलं, "तू घाणा म्हटल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. आता पक्के दात बसवायचे." सुगंधाचा नवरा शिवदास कारखान्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा. तो म्हणाला, "बसव गो. भांडताना तरी शब्द कळतील."

घाटकोपरला दातांच्या डॉक्टर गार्गींकडे मायलेकींबरोबर मीही गेले. त्यांनी फोटो दाखवून समजावलं, "काकी, भिंत पातळ असली की खिळा धरत नाही. तसंच आहे हे. आधी हाड भरायचं, ते जमेपर्यंत सहा महिने थांबायचं, मग स्क्रू, मग दात." हिशेब केला तर लग्नाआधी जेमतेम होत होतं.

"तंबाखू, गुटखा, सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय इचारतास डॉक्टर," सुगंधा म्हणाली. "आमच्या घरात सुपारीसुद्धा नाय."

हे खरं होतं.

जबड्याच्या मागच्या बाजूचं थोडं हाड काढून पुढे बसवलं, भोवती हाडाची भुकटी भरली, वर टाके घातले. सुगंधाने सगळी पथ्यं पाळली. पेज पीत होती, उशा उंच करून झोपत होती, बोलायचं नाही म्हटल्यावर शिवदासला हातवारे करून कामं सांगत होती. "तोंड स्वच्छ ठेवा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेही तिने मनावर घेतलं. एरवी ती सकाळी एकदाच मिश्री लावायची. आता रात्रीही लावू लागली. बोटाने, हळूच, टाक्यांच्या कडेकडेने. तिच्या घरात आजीपासून सगळ्या बायका असेच दात घासत आल्या होत्या. तिच्या तव्यावर मिश्री भाजल्याचा वास आमच्या जिन्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

तिसऱ्या आठवड्यात हनुवटी सुजली. मग एका सकाळी चूळ भरताना हातावर रव्यासारखे पांढरे कण आले. अक्षताला रजा नव्हती, म्हणून मी सुगंधाला घेऊन गेले.

डॉक्टर गार्गींनी तोंड तपासलं. मग त्यांचं लक्ष सुगंधाच्या हाताकडे गेलं.

"काकी, हे बोट काळं कशाने झालंय?"

"मिश्रीन."

"आणि मिश्री कशाची करता?"

"कशाची म्हणजे? तंबाखू भाजूची आणि..." सुगंधा थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. "पण ता खाणा नाय बाई. ता दात घासणा."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तंबाखूमुळे भरलेलं हाड धरलंच नव्हतं, ते त्यांना काढून टाकावं लागलं. जबडा आता आधीहून बारीक झाला होता. वर्षभर काही करता येणार नव्हतं, आणि त्या कडेवर जुनी कवळीही टिकत नव्हती.

"लग्न पुढे ढकलू," अक्षता म्हणाली.

"आणि विहिणीक काय सांगतलंस? आवशीचा हाड भरूचा आसा, थांबा?" सुगंधाने विषय तिथेच संपवला.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. हळदीला उखळ मांडलं, मुसळं बांधली. नलिनी म्हणाली, "सुगंधा, तू नुसती ओळ सांग, आम्ही धरतो." सुगंधाने ओळ सांगितली. ओठ आत ओढले गेले होते आणि शब्द निसटत होते. नलिनीने "काय गं?" म्हणून विचारलं, सुगंधाने पुन्हा सांगितलं, नलिनीने पुन्हा विचारलं. तेव्हा सुगंधाने मान हलवली आणि एका मुलीच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं.

कुणीतरी मोबाइलवर घाण्याची गाणी लावली. कुठल्यातरी गावच्या बायका गात होत्या आणि त्यांत दुसऱ्याच कुठल्या नवरीचं नाव होतं. अक्षता आईकडे बघत बसली होती. सुगंधाने मुसळ सोडलं नाही. गाणं संपेपर्यंत खाली मान घालून ती ताल धरून कांडत राहिली. अक्षताने हळद लावून घेतली. आईने गायल्याशिवाय लावून घेणार नाही, हे बोलणं तिने पुन्हा काढलं नाही, आणि आम्हीही नाही.

आता अक्षता बोरिवलीला असते. सुगंधाने मिश्री सोडली. पहिले काही महिने डोकं धरायचं आणि पोट साफ व्हायचं नाही, तरी सोडली. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष केव्हाच उलटलं. अक्षता फोनवर आठवण करते, सुगंधा "बघूया" म्हणते आणि जात नाही. तिच्या खालच्या जबड्यात दात नाहीत. दुपारी ती भाकरी आमटीत कुस्करून खाते.