सोंड उतरली त्या दुपारी

त्या दुपारी आमच्या वाडीवर जे आलं त्याला काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना मी ते कागदावर लिहिलं. ही माझी चूक. सरकारच्या चुकाही सांगते, त्या जास्त आहेत.

हेदवीच्या अलीकडे, समुद्राच्या वरच्या अंगाला आमची बौद्धवाडी. ऑक्टोबर होता. कापलेलं भात मळ्यात पडलं होतं आणि मी न् काकी भारे बांधत होतो. काका गेल्यापासून काकी एकटी राहते. तिचं घर वाडीच्या टोकाला, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. समुद्रावरचा ढग काळा नव्हता, हिरवट होता, कळकलेल्या पितळेसारखा. वारा एकदम पडला. घाट उतरताना बसतात तसे कानांना दडे बसले. मग चिरेखाणीतलं मशीन चालू झाल्यासारखा आवाज. काकी म्हणाली, खाण तर अजून बंद हाय.

ढगातून काहीतरी लोंबत खाली येत होतं. आधी पाण्यावर हललं, मग किनारा चढलं. काकीने मला बांधाच्या कुशीत ओढलं आणि माझं डोकं चिखलात दाबून धरलं.

उठलो तेव्हा एक पट्टाच्या पट्टा पुसला गेला होता. सुपारीची झाडं धुणं पिळावं तशी पिळलेली. काकीच्या घराचं छप्पर नाही, समुद्राकडची भिंत नाही. कौलं मळ्यात, भातावर. आणि शेजारच्या घरासमोर दोरीवर चादर वाळत होती. तिला काही झालं नव्हतं. त्या चादरीची मला भिंतीपेक्षा जास्त भीती वाटली. मेलं कोणी नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

मोहल्ल्यातले चाचा पहिले धावत आले. उभी हयात जहाजावर गेलेला माणूस. त्यांनी पिळलेल्या झाडांवरून हात फिरवला. म्हणाले, "ही सोंड. पाण्यात दोनदा बघितलीय. जमिनीवर चढलेली नव्हती बघितली." त्यानंतर ते समुद्राकडे पाठ करून उभे राहिले नाहीत.

घरं गेलेल्यांनी विहारात पथाऱ्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. काकीने सांगितलं, सोंड आली. भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, हत्ती आला होता की काय? मागून कोणीतरी बोललं, "हत्तीच हाय भाऊसाहेब, पन सरकारी. चिरडून जातो, नोंद कुठं नाय." सगळे हसले. भाऊसाहेबांनी लिहिलं, ‘जोराचा वारा’. जोराच्या वाऱ्याने पडलेल्याला सरकारकडून घर मिळत नाही. काकीला घर हवं होतं, बाकी काही नको होतं.

मी पेटले. चार वर्षं संघटनेची पत्रकं लिहितेय. आम्हाला शिकवलंय की शब्द मोठा घ्या, लहान शब्द कार्यालयात ऐकू जात नाही. मी अर्ज लिहिला, ‘महाभयंकर चक्रीवादळ’. काकी म्हणाली, मी असं कुठं बोलली? मी तिला सांगितलं, सोंड गुहागरच्या कचेरीत कळत नाही. माझ्यावर विश्वास ठेवून तिने सही केली.

उत्तर आलं. सदर दिवशी तालुक्यात चक्रीवादळाची नोंद नाही, सबब अर्ज निकाली. म्हणजे वाऱ्याने आधी जाऊन नोंद करायची आणि मग घर पाडायचं! पण त्यांना ही पळवाट उघडून दिली कोणी? मी. चक्रीवादळ म्हटलं की सबंध किनारा हलायला हवा, आणि इथे तर शेजारची चादर हलली नव्हती.

काकी रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "बाय, तुझ्या पत्रकात माझं घर कशाला घातलंस?"

फेरपंचनाम्यासाठी मी तलाठी कार्यालयाचे उंबरे झिजवले. भाऊसाहेब पुन्हा आले तेव्हा चाचा पंच म्हणून हजर होते. काकीच्या घरावर आता ताडपत्री होती. उरलेल्या भिंतींच्या भेगांत आधी नख जात होतं, आता बोट जात होतं. दुपारी उकाडा धरायचा आणि समुद्रावर ढग जमायचे, रोज. काकीने पहिल्यापासून सांगितलं, ढगाचा रंग, कानांचे दडे, सगळं. मी तोंड उघडलं नाही. मला ते जड गेलं. या वेळी भाऊसाहेब तिच्याच शब्दांत लिहीत होते. शेवटी त्यांनी वाचून दाखवलं, समुद्रावरून सोंड आली, तिने छप्पर उचलले, एक भिंत पाडली व ती निघून गेली.

काकी म्हणाली, "निघून गेली, तेवढं खोडा."

"का हो?"

"जाताना कुनी बघितली?"

भाऊसाहेबांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. नाही बघितली. या वेळी कोणी हसलं नाही. भाऊसाहेबांनी ते शब्द खोडले, खाडाखोडीशेजारी आपली छोटी सही केली आणि कागद काकीपुढे धरला. तिने सावकाश सही केली. मग आम्ही चौघंही त्या भेगाळल्या भिंतीच्या सावलीतून निघून उन्हात जाऊन उभे राहिलो.