चमचाभर भुकटी आणि बेचाळीस किलो

शवागारात त्याला सगळे काटा म्हणत. मेलेल्या माणसाला हातांवर घेतलं की यंत्रावर ठेवायच्या आत हा वजन सांगून मोकळा, आणि यंत्र त्याला फार तर अर्ध्या किलोनं खोटं पाडणार. एकोणतीस वर्षं हेच काम. डोक्याकडून तो, पायांकडून त्याचा जोडीदार. उचलण्याआधी प्रत्येकाला हळूच सांगायचं, "चला, उचलतोय हं." जोडीदार नवा होता तेव्हा हसायचा. एकदा सांगायचं राहिलं आणि दोघांनाही दिवसभर चैन पडली नाही, तेव्हापासून तोही सांगायला लागला.

घरी तो बायकोला उचलायचा. मणक्याच्या दुखण्यात तिची कमरेखालची शक्ती गेली होती. सकाळी पलंगावरून खुर्चीत, संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर. अंघोळ घालायला तेवढी एक बाई यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं बजावलं होतं, "अहो, मला तोलायचं नाही हं. आकडा मनातसुद्धा आणायचा नाही." एकदा सवयीनं त्याच्या तोंडून "चला, उचलतोय" निघून गेलं, तर ती पांढरीफटक पडली. मग तो मुकाट्यानं उचलायला लागला. तिनं गळ्यात हात टाकला की त्याला हायसं वाटायचं. तिकडे कुणी गळ्यात हात टाकत नाही.

साठीला दोन वर्षं उरली आणि दंडांनी दगा दिला. एका सकाळी ती त्याच्या हातांतून निसटली, डोकं पलंगाच्या कडेवर आपटता आपटता वाचलं. तिच्या भावाला कळलं, तो तावातावानं आला.

"भावोजी, पुढच्या वेळी हाड मोडेल तिचं. संस्थेत ठेवू. तिथं यंत्रानं उचलतात. चार महिने बघतो, नाहीतर मी घेऊन जाणार."

बायकोनं नवऱ्याची बाही धरली ती भाऊ जाईपर्यंत सोडली नाही. तिला या खोलीतून जायचं नव्हतं आणि त्याला तिच्यावाचून या खोलीत राहायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती, पण ती दोन दंडांवर येऊन ठेपली होती.

त्यानं शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी क्रिएटिन या ताकदीच्या भुकटीचं नाव सांगितलं. "जादू नाही, आणि स्टेरॉईड तर मुळीच नाही. आपलं शरीरही ते थोडं बनवतं, मांस-मासळीतूनही मिळतं. रोज एक छोटा चमचा पाण्यात. जोडीला वजनं उचलायचा व्यायाम हवा, नुसतं पिऊन बसलात तर फारसं काही होणार नाही. आणि आधी मूत्रपिंडं तपासून घ्या. ती अधू असतील तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

तपासणी ठीक आली, त्यानं भुकटी आणि वजनं दोन्ही सुरू केली. भुकटीला ना वास ना चव. जोडीदाराला मात्र डबा दिसताच कंठ फुटला.

"काटा, किडन्या जातात याच्यानं. केसही गळतात."

"केसांचं जाऊ दे, ते केव्हाच गेले. किडन्यांचं कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

सगळेच सांगतात ते बहुधा कुणीच तपासलेलं नसतं. पण किडन्या गेलेली माणसं याच्या हातांखालून गेली होती. दुसऱ्या आठवड्यात तो शवागाराच्या काट्यावर उभा राहिला. वजन दीड किलोनं वाढलेलं! कपडे बदलायच्या खोलीत बसून त्यानं नडगीवर अंगठा दाबला. सुजेनं खड्डा पडतोय का, हे तो असंच शेकडो पायांवर बघत आला होता. दाबता दाबता त्याला वाटलं, पाय आपला नाही, अंगठा तेवढा आपला आहे. तो पाय टेबलावरचा वाटत होता. त्यानं घाईघाईनं मोजा चढवला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "स्नायू पाणी धरतात, त्याचं वजन आहे ते." मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन किंचित वर आलं, त्याचंही त्यांनी सांगितलं, "भुकटी घेणाऱ्याचा हा आकडा वर दिसू शकतो. म्हणून तपासणाऱ्याला आधी सांगायचं असतं." दुसऱ्या पद्धतीनं तपासलं, मूत्रपिंडं ठणठणीत निघाली.

आणि मग चमत्कार सुरू झाला. बायको हलकी लागायला लागली. महिन्याभरात तो तिला दम न लागता उचलू लागला, तिसऱ्या महिन्यात एका झोक्यात. मेहुणा बघायला आला तेव्हा यानं तिला उचलून खोलीत फेरी मारून दाखवली. मेहुण्याचं तोंड बंद झालं. ती शालीत गुरफटलेली होती आणि हसत होती. चेहरा ओढल्यासारखा दिसायचा, पण दुखण्याचं माणूस, दिसणारच, असं त्यानं मनाशी म्हटलं. मोठा खुशीत होता बिचारा.

चौथ्या महिन्यात शवागारात एक म्हातारी आली. काडीसारखी, म्हणून त्यानं जोडीदाराला थांबवलं आणि एकट्यानंच उचललं. "चला, उचल—" शब्द अर्धाच राहिला. हे ओझं त्यानं आज सकाळी एकदा उचललं होतं. तीच पाठ, तेच बरगड्यांचं टोचणं, तितकाच भार. फक्त गळ्यात हात नव्हता.

"बोल की, किती?" जोडीदारानं विचारलं.

"बेचाळीस."

यंत्रानंही बेचाळीसच दाखवलं.

तो आकड्याकडे बघत राहिला. भुकटीनं जग हलकं झालं असतं तर मेलेलीही हलकी लागायला हवी होती, त्याचे अंदाज चुकायला हवे होते. या चार महिन्यांत एकही चुकला नव्हता. आणि दवाखान्याच्या जुन्या कागदावर बायकोचं वजन चोपन्न होतं.

तो तसाच भर दुपारी घरी आला. ती खिडकीपाशी खुर्चीत होती. सकाळी त्यानं झाकून ठेवलेलं ताट रिकामं मांडीवर होतं आणि खिडकीबाहेर शेजारणीचा कुत्रा त्यातला शेवटचा घास संपवत होता.

"कधीपासून?"

"भाऊ येऊन गेला तेव्हापासून." तिनं शाल सावरली. "अंघोळ घालणाऱ्या बाईला मीच गप्प बसवलंय, तिला रागावू नका. त्या भुकटीचा काय भरवसा? माझ्या हातात हलकं होणं एवढंच होतं."

त्याला रडू आलं आणि रागही आला. आत जाऊन त्यानं दुसरं ताट वाढून आणलं, तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"मी पुन्हा चोपन्नची झाले तर," तिनं विचारलं, "उचलाल?"

त्यानं दंडांकडे पाहिलं. थोडी ताकद नक्की आली होती, डॉक्टरबाईंनी तसं सांगितलंच होतं. पण किती, ते त्याला सांगता येईना.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि घास तिच्या ओठांशी नेला.

तिनं तोंड उघडलं नाही.