नाकाला हात लावायचा नाही

माझ्या नाकाचं ऑपरेशन झालं तेव्हा हाड वाढलं होतं असं गावात सांगण्यात आलं. हे बाबांनी ठरवलं. आमच्या सोनाळ्यात नाकाचं हाड वाढलेले लोक पुष्कळ, त्यात आणखी एक खपून जाईल, असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे माझं हाड वाढलेलं नव्हतं. उलट जिथं असायला पाहिजे तिथं ते नव्हतंच. दोन डोळ्यांच्या मधे सपाट जागा आणि खाली एकदम नाकपुड्या. ते नाक मला वर आलेलं पाहिजे होतं म्हणून मी अकोल्याला जाऊन करून घेतलं, माझ्या पगारातून. श्वास मला आधीही नीटच घेता येत होता.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बुलढाण्याला सरकारी ऑफिसात आहे. परीक्षा देऊन लागले, कोणाच्या ओळखीनं नाही. हे सांगते, कारण ऑपरेशनला परवानगी कोणाची घेतली होती असं लोक मला अजूनही विचारतात.

शाळेत मुलं मला तोंडानं काही म्हणत नसत. मी वर्गात शिरले की स्वतःच्या नाकावर अंगठा ठेवून दाबायची, बस. मास्तरांना काय सांगणार? स्वतःच्या नाकावर अंगठा ठेवणं हा काही गुन्हा नाही. पुढं कॉलेजात नकटीवरची ती म्हण ऐकली, मग ऑफिसात ऐकली. प्रत्येक वेळी म्हणणारा असा हसला की जणू त्यानंच ती आत्ता जुळवली. मी ती इथं लिहिणार नाही.

घरात मात्र माझ्या नाकामागं एक गोष्ट होती, आणि ती माझ्या आत्याची होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मागच्या गल्लीत एकटी राहायची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. निम्मं गाव तिच्या लांब केलेल्या पायांवर उताणं पडून मोठं झालेलं. कोमट तेलानं अंग रगडून झालं की ती बाळाचं नाक दोन अंगठ्यांत धरायची आणि वर ओढायची. रोज, न चुकता. याला ती नाक काढणं म्हणायची. आठवडी बाजारात भाजी घेता घेता एखाद्या माणसाकडं बोट करून सांगायची, "थे पाह्य, थे माह्यं नाक हाये."

सगळ्या गावात एक माझंच नाक तिचं नव्हतं. तिचं म्हणणं असं की मी फार रडायची, आणि मायचं पहिलंच लेकरू, तिला ते पाहवलं नाही. एक दिवस तिनं मला आत्याच्या पायांवरून उचललं ते परत तिच्याकडं दिलंच नाही. "भाकर तव्यावरून कच्ची उचलावं तशी उचलली हे पोरगी," असं आत्या प्रत्येक बारशात सांगायची. बाया हसायच्या. माय त्यांच्यातच बसलेली असायची, तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. असं करत करत मी अर्धवट नाक घेऊन मोठी झाले, आणि माय त्याचा दोष घेऊन म्हातारी झाली.

ऑपरेशननंतर काही दिवस जवळ माणूस पाहिजे असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बुलढाण्याला मी खोली करून एकटी राहते, म्हणून सोनाळ्याला आले. नाकावर कडक पट्टी, डोळ्यांखाली जांभळं-काळं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी मायला समजावलं आणि तिच्याकडून म्हणवूनही घेतलं. डोकं उंच ठेवून झोपायचं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. उन्हात जायचं नाही. चष्मा नाकावर टेकवायचा नाही. शेक थंड द्यायचा, तोही गालांवर आणि डोळ्यांभोवती. गरम काहीच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाकाला हात लावायचा नाही, दुसऱ्या कोणालाही लावू द्यायचा नाही. हाडं पक्की व्हायला काही आठवडे जातात. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं.

माय सगळ्याला हो म्हणाली.

बाबांनी हाडाची गोष्ट पसरवली होती, त्यामुळं भेटायला येणारा प्रत्येक जण हाडावरचा उपाय घेऊन आला. कोणी वाफ घे म्हणे, कोणी नाकात तूप सोड म्हणे. शेजारच्या काकू तर मोहरीचं तेल घेऊनच आल्या. मी सगळ्यांना दारातच उभं केलं. पोरगी शिकली अन् तोंडानं सुटली, असं काकू जाता जाता म्हणाल्या. मे महिना, घाटाखालचं ऊन, कूलरचं पाणी संपलेलं, आणि मी भिंतीला गोधड्यांची रास लावून अर्धी बसून झोपायची. चष्म्याला दोरा बांधून तो कपाळावर चिकटपट्टीनं टांगला होता. वहिनी, म्हणजे धाकट्या भावाची बायको, म्हणाली, दाराले तोरण असते तसं दिसून राह्यलं. भाऊ हसला. मला हसताही येत नव्हतं, वरचा ओठ ओढला जायचा.

आत्या पहिल्याच दिवशी आली होती. बाजेजवळ वाकली, पट्टीकडं बराच वेळ पाहत राहिली.

"हाड वाढलं होतं म्हणतेत," ती म्हणाली. "मले सांगतं काय वं? थे हाड म्या रोज हातात धरलं हाये."

जाताना तिनं मायला सांगितलं की तिच्या हातचं राहिलेलं काम पोरीनं डॉक्टरला दिलं, आता पाहू तो काय काढतो ते.

पट्टी काढायला अकोल्याला जाऊन आले. खालून नाक जे निघालं ते जाड, सुजलेलं, शेंडा गोल. डॉक्टर म्हणाले, असंच असतं, सूज आहे, घाई करू नका. मला ते माहीत होतं. घरच्यांना सूज दिसत नव्हती, नाक दिसत होतं. बाबांनी पाहिलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. वहिनीनं तोंडाला पदर लावला, म्हणाली, हे तं पह्यल्यापेक्षा मोठं झालं. आत्या सगळ्यात शेवटी बोलली. हनुवटीला धरून तिनं माझं तोंड उजेडाकडं वळवलं आणि निकाल दिला की वाकडं आहे, डावीकडं गेलं.

त्या दिवसापासून ते घरात सगळ्यांसाठी वाकडं झालं. भाऊ जेवताना मान तिरपी करून पाहायचा. बाबा विचारायचे, डॉक्टर परत सरळ करून देतो का. आणि आत्या रोज येऊन मायला एकच ऐकवायची: हाड अजून कच्चं आहे, लेकराच्या हाडासारखं. बसलं तर आत्ताच बसेल, नंतर पक्कं झालं की जन्मभर तसंच. यात हाड कच्चं आहे हे तिचं खरं होतं. डॉक्टरही तेच म्हणाले होते, आणि म्हणूनच हात लावू नका म्हणाले होते. आत्यानं त्याचा अर्थ उलटा लावला. लेकराची हाडं हाताळून हाताळून तिला कच्चं हाड म्हणजे काम करायची वेळ, एवढंच माहीत होतं.

दुपारची मला झोप लागली होती. आधी तेलाचा वास आला, कोमट तेलाचा. मग दोन्ही डोळ्यांच्या मधून अशी कळ गेली की मी ओरडलेही नाही. डोळे उघडले तर आत्याचं तोंड माझ्या तोंडावर, तिचे दोन अंगठे माझ्या नाकाच्या दोन बाजूंना, आणि ती डावीकडून उजवीकडं जोर देत होती. मी तिची मनगटं धरून ओढली. तेलानं निसटली, पुन्हा धरली. नाकातून गरम धार ओठांवर आली, तोंडात खारट लागलं.

आत्याच्या मागं माय उभी होती. तेलाची वाटी तिच्या हातात होती.

मी तिच्याकडं पाहत राहिले. मायनं वाटी खाली ठेवली नाही. म्हणाली, "मागच्या टायमाले म्याच उचललं होतं तुले."

तिच्यासाठी जे तोंडाशी आलं ते मी आत्याला दिलं.

"तुले आता कोणी लेकरू देत नाही धराले," मी म्हणाले. "सरकारी दवाखान्यातल्या नर्सा सांगतेत, नाक ओढू नका. गल्लीतल्या पोरी तुले पाहून लेकरू आत नेतेत. म्हणून माह्यं धरलं काय?"

"गावात पाह्य जाऊन," आत्या म्हणाली. "सारे नाकं माह्ये हायेत."

"थे त्यांच्या मायबापाचे हायेत. तुह्यं एकबी नाई. तू फकस्त तेल लावलं."

आत्या उठली. तेलाचे हात तिनं पदराला पुसले नाहीत, तसेच समोर धरून निघून गेली, जसं काही ते कुठं टेकवायला नको होते. मला तिचं वाईट वाटलं नाही. मी डोकं उंच करून, नाक न दाबता, हनुवटीखाली कापूस धरून बसले होते. नाक उभं राहतं की मोडलं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांनी सांगितलं, थंड शेक द्या, हलू नका, रक्त थांबलं नाही तर लगेच निघा, थांबलं तर सकाळी पहिल्या गाडीनं या. रक्त थांबलं. सकाळी बाबा सोबत निघाले, पहिल्यांदाच. अकोटपर्यंतच्या रस्त्याला खड्डे आहेत. बाबांनी पूर्ण वाटभर माझं तोंड आणि समोरच्या सीटचा लोखंडी दांडा यांच्यामधे आपला पंजा धरून ठेवला. कंडक्टरनं विचारलं, काय झालं पोरीले. बाबा म्हणाले, हाड वाढलं होतं.

डॉक्टरांनी अगदी हलक्या बोटांनी नाक तपासलं, आत पाहिलं, पुन्हा तपासलं. मला त्या वेळी फक्त त्यांचं तोंड दिसत होतं आणि मी त्यावर काय लिहिलंय ते वाचायचा प्रयत्न करत होते. शेवटी ते म्हणाले, हाड जागेवर आहे, आतून थोडं रक्त आलं एवढंच. आणखी जोर बसला असता तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं. मग विचारलं, दाबलं कोणी?

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "झोपीत तिचाच हात लागला, सायेब."

डॉक्टर मला रागावले. शिकलेल्या माणसाला किती वेळा सांगायचं, म्हणाले. कंपाउंडर ऐकत होता, बाहेरचे पेशंट ऐकत होते. मी ऐकून घेतलं. खरं सांगितलं असतं तर बाबांची बहीण आणि बाबांची बायको दोघींची नावं त्या खोलीत निघाली असती, आणि बाबांनी त्या दोघींना वाचवायला माझं नाव पुढं केलं होतं. आम्हा तिघींत मीच त्यांना खर्च करायला सोपी वाटले.

तिथूनच मी बुलढाण्याला आले. माय दोन दिवसांनी मागून आली, न बोलावता. स्वयंपाक करायची, पाणी द्यायची. बर्फाचा कपडा मात्र मी तिच्या हातून घेतला नाही, माझा मीच लावायची. रात्री जाग आली की ती भिंतीला टेकून बसलेली दिसायची, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. मी कड बदलून झोपायची. म्हणजे कडही बदलता येत नव्हती, डोळे मिटायची.

नाक उतरत उतरत आलं. पावसाळा गेला तेव्हा ते माझं झालं होतं: मधे सरळ रेघ, शेंडा लहान, डावीकडं नाही आणि उजवीकडंही नाही. ऑफिसातल्या बायांनी चष्मा बदलला का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर न्हाऊ घालायला आत्यालाच बोलावलं, घरचीच म्हणून. मीही गेले होते. अंगणात पाट मांडला, आत्यानं पाय लांब केले आणि बाळाला त्यावर उताणं ठेवलं. मी वाकून पाहिलं. दोन डोळ्यांच्या मधे सपाट जागा आणि खाली एकदम नाकपुड्या. स्वतःचं नाक मी आरशाशिवाय पहिल्यांदा पाहत होते, तेही टाकून दिल्यावर.

आत्यावर गेलं, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, आणि आत्या म्हणजे आता मी. वहिनी हसली नाही. माझ्या आत्याला म्हणाली, "नाक काढा बाई हिचं. पुढं लग्नाले अडते."

आत्यानं अंगठे तेलात बुडवले. ते बाळाच्या तोंडावर आणले आणि थांबवले. तिनं मायकडं पाहिलं नाही, वहिनीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं, नाकाकडं. त्या दुपारनंतर ती माझ्याशी बोललेली नव्हती. मी मान हलवली, नाही म्हणून.

"अकोल्याले नेजा मंग," आत्या वहिनीला म्हणाली. "तिथं भेटते नाक." आणि बाळाच्या पायांवर पाणी ओतायला लागली.

माय चुलीजवळ उभी होती. तिनं दुसरं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली.

बाळाच्या नाकाला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. गल्लीत ती सांगते की नणंदेनं स्वतःचं करून आणलं, अन् माझ्या पोरीचं तसंच ठेवलं. यातला एकही शब्द खोटा नाही. मी गावी गेले की पोरगी रांगत येऊन माझ्या मांडीवर चढते आणि हात वर करून माझं नाक धरायला पाहते. मी तोंड मागं घेते.