आधी कनकी, मग तांदूळ

मिलमधून फोन आला तेव्हा मी सकाळची गोळी तोंडात टाकून पाण्याचा पेला उचलला होता. "ताई, दादा गेले…" मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या. हृदयाचा झटका. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला परवा महिना झाला, पण लिहायला बसले की रडू येण्याआधी मला हसूच येतं. काय करू, माझा भाऊच तसा होता!

मला मिरगी. नव्व्याण्णव साली, आठवीत असताना, कामठ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पहिल्यांदा पडले. कुणी जोडा हुंगवला, कुणी कांदा. दादाने तो जोडा हिसकून फेकला आणि मला थेट दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले मात्र नाहीत. सायकल सुटली ती सुटलीच. विहिरीवर एकटीने जायचं नाही, चुलीपाशी एकटीने बसायचं नाही. मला बाकी काही नको होतं हो, एकदा एकटीने कुठंतरी जायचं होतं.

दादा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तांदूळ निवडायच्या मशीनवर होता. दाणे उजेडातून धारेने पडतात. काळा दाणा दिसला की हवेची फुंकर नेमकी त्यालाच उडवते, शेजारच्याला धक्काही नाही. चारेक वर्षांपूर्वी एका रविवारी तो पेपरची पुरवणी नाचवत घरात शिरला. त्यात मिरगीवरचा नवा उपाय छापला होता: मेंदूतल्या ठरावीक पेशींना उजेड ओळखायला शिकवायचं, आत दाण्याहून बारीक दिवा बसवायचा. झटका उठू लागला की दिवा लागणार आणि तेवढ्याच पेशी गप्प!

"अवं पोरी, हे तं माही मशीनच होय! गोळी साऱ्या डोक्याले झोपवते. हा दिवा फक्त काळा दाणा उडवन!"

"पण हे अजून उंदरांवरच जमलंय ना?" मी म्हटलं.

"मंग? कायले भेतं! आमच्या मिलात उंदीर कमी हायेत का?"

पुढच्याच आठवड्यात मला ओढत नागपूरला डॉक्टरांकडे. आत शिरल्या शिरल्या म्हणाला, "जयभीम साहेब. तो दिवा पहिले माह्या डोक्यात लावा."

"तुम्हाला कुठे मिरगी आहे?"

"नाई जी. पण नवी मशीन आली का आमी पहिले कनकी चालवतो, तुटका तांदूळ. बिघडला तं तुकडाच बिघडते. चांगला तांदूळ मंग. हे माही बहीण चांगला तांदूळ होय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "माणसांसाठी किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. पण येईल असं मलाही वाटतं. तोवर गोळी चुकवू नका."

'येईल' एवढंच दादाने ऐकलं! परतताना रेल्वेच्या डब्यात दिसेल त्याला सांगत सुटला, "भाईसाब, हमारी बहन के दिमाग में बत्ती लगेगी!" मी खिडकीकडे तोंड करून बसले. आणि खरं सांगू? गोंदिया येईपर्यंत मी मनातल्या मनात सायकल चालवत होते.

तेव्हापासून मेंदूबद्दल काहीही छापून आलं की तो कापून फायलीत लावायचा. तो गेला तरी वहिनीने पेपर बंद केलेला नाही. तिला वाचता येत नाही, चित्र बघून कापते. गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले, तर पदराची गाठ सोडून तिने एक कात्रण माझ्या हातात ठेवलं.

"हे पाय… तुहा दिवा आला वाटते. ते असते तं नाचले असते."

घरात लावायच्या एलईडी दिव्याची जाहिरात होती ती. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी कात्रण फायलीत नीट लावलं आणि म्हटलं, "हो वहिनी. येऊन राहिला."