बँकेच्या घराची वास्तुशांत

आमच्या घराची वास्तुशांत घर घेतल्यावर दहा-बारा वर्षांनी झाली. ती मीच अडवून धरली होती. अजूनही नात्यात कुठे लग्नाला गेलं की कुणीतरी तो विषय काढतं आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची घरं अजून बँकेकडे आहेत, म्हणून मी उत्तर देत नाही.

घर घेतलं तेव्हा नाशकातला आधीचा सिंहस्थ नुकताच होऊन गेला होता. द्वारका चौकाच्या पुढे शेतं मोडून नवीन वसाहत पडत होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि वर मोकळी गच्ची. पुढे मजला चढवायचा म्हणून गच्चीवर खांबांच्या सळया उघड्या ठेवलेल्या. आमचे हे सातपूरला कारखान्यात मशीनवर होते. त्यांच्या पगारावर बँकेनं कर्ज दिलं आणि घराचे कागद स्वतःकडे ठेवून घेतले. किल्ली मिळाली त्या दिवशी हे पेढे घेऊन आले.

"पुढच्या महिन्यात मुहूर्त आहे," म्हणाले. "वास्तुशांत उरकून टाकू. शंभरेक पान होईल."

"कोणाच्या घराची?" मी विचारलं.

"आपल्या. दुसऱ्या कोणाच्या?"

"कागद कुठायत?"

"बँकेत."

"मग बँकेला सांगा वास्तुशांत करायला. कागद घरी येतील त्या दिवशी मी पाटावर बसेन."

त्यांना वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. तो राग नव्हता. शंभर माणसांना जिलबी घालायला जो पैसा लागणार होता तो मी कर्जात भरायला लावला. नुसतं दूध उतू घातलं आणि राहायला आलो.

तिथून लोकांना तोंड मिळालं. मुलाला कावीळ झाली, कारण वास्तू शांत नाही. हे स्कूटरवरून पडले, कारण वास्तू शांत नाही. आडवं कुत्रं आलं म्हणून पडले होते, पण कुत्र्याला कुणी बोललं नाही. शेजारीण हळदीकुंकवाला आली की उंबऱ्यातच थबकायची, जशी काही आत विहीर आहे.

माझे धाकटे दीर सटाण्याला कांद्याचा व्यापार करायचे. पैसा बरा होता आणि आवाज मोठा होता. पहिल्यांदा आले तेव्हा चप्पल न काढताच त्यांनी खालचा सिमेंटचा कोबा पाहिला, भिंतींचा नुसता गिलावा पाहिला आणि अहिराणीत म्हणाले, "वहिनी, हाई घर शे का गोदाम शे?"

"गोदाम असतं तर तुमचा कांदा ठेवून भाडं घेतलं असतं, भाऊजी," मी म्हटलं. "चप्पल बाहेर काढा."

माझं माहेर मखमलाबादकडचं, फुलांच्या शेतीचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे मळा. लग्नानंतरही मी भावाच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती पहाटे बाजारात नेऊन विकायचे आणि दुपारी घरी हारांच्या ऑर्डरी पुऱ्या करायचे. झेंडूच्या देठांनी बोटं काळी पडायची. त्या हातांनी केलेल्या पोळ्यांकडे बघून माझी मुलगी नाक मुरडायची. खायची मात्र.

दसरा-दिवाळीचा हंगाम संपला की मी स्वतः पैसे घेऊन बँकेत जायचे. पहिल्या खेपेला काउंटरवरचा माणूस नोटा दोन बोटांत धरून म्हणाला, "मावशी, नोटा ओल्या आहेत."

"फुलांवर पाणी मारावं लागतं, साहेब. खोट्या नाहीत ना?"

त्यानं त्या पंख्याखाली पसरल्या. मग मला समजवायला लागला. "हप्ता तर साहेबांच्या पगारातून कापला जातोय. एवढी घाई कशाला? त्यापेक्षा घराला रंग द्या, फरशी बसवा. हौसमौज करा."

मी विचारलं, इतके हप्ते गेले, तर आता राहिलं किती? त्यानं सांगितलं. मला वाटलं दुसऱ्याच कोणाचं खातं उघडलंय. मूळ कर्ज जागचं हललंच नव्हतं. सुरुवातीची वर्षं हप्त्यातला बहुतेक पैसा व्याजातच जातो, हे मला त्या दिवशी कळलं. यांना ते पहिल्यापासून माहीत होतं.

घरी येऊन विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"तुला कळलं नसतं," म्हणाले.

हे वाक्य मी विसरलेले नाही.

आणि वर आणखी एक. मुदतीच्या आधी कर्ज फेडलं तर दंड. मी त्या काउंटरवाल्याला दोनदा विचारलं, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कर्ज थकवणाऱ्याच्या दारात साहेब लोक गाडी घेऊन समजूत काढायला जातात आणि वेळेच्या आधी पैसे आणून देणारीला दंड. मी त्याला तसंच म्हटलं. तो म्हणाला, "नियम आहे, मावशी." दंड धरूनही व्याज वाचत होतं, म्हणून मी भरला. भरताना त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

घाई कशाला, हे मला सगळेच विचारायचे. समोरच्या ओळीत एक कुटुंब होतं. घराला बाहेरून गुलाबी रंग, आत भिंतीभर शोकेस, तिच्यात कपबशा आणि काचेची बदकं. त्या माणसाच्या कंपनीला टाळं लागलं. हप्ते थकले, बँकेच्या नोटिसा आल्या आणि घर पडत्या भावात विकावं लागलं. सामान टेम्पोत चढवत असताना त्याची बायको आत उभी राहून शोकेस भिंतीतून निघते का ते बघत होती. निघाली नाही. तशीच ठेवून गेले. यांच्या कारखान्यातही तेव्हा माणसं कमी करायला सुरुवात झाली होती.

त्यानंतर मी घरात नियम केला. गळतंय ते दुरुस्त करायचं, दिसतंय ते नाही. गच्ची गळत होती, ती करून घेतली. मोरीचा पाइप बदलला, पाण्याची टाकी बसवली. फरशी, रंग, लोखंडी नक्षीचं फाटक, यातलं काहीही नाही.

एका दिवाळीत मी हंगामासाठी चार दिवस माहेरी मळ्यावर राहिले. परत आले तर घरात लाकडाचा भुसा आणि सुतार. बाहेरच्या खोलीत भिंतीभर शोकेस. समोरच्यांच्या घरात होती तशीच, थोडी रुंद.

"बोनस माझा आहे," हे म्हणाले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले.

"कारखान्याला टाळं लागल्यावर या शोकेसमध्ये राहायचं का?"

"तोंडातून अभद्र काढू नकोस. घराला घरासारखं दिसू दे जरा. पोरीला बघायला लोक येतील."

मी भांडले नाही. सुतार गेल्यावर फुलांच्या ओल्या टोपल्या उचलल्या आणि त्या शोकेसमध्ये एकावर एक रचल्या. काचा आतून वाफेनं धुरकटल्या. महिन्याभरात खालची फळी फुगली. त्या शोकेसमध्ये बदकं कधी बसली नाहीत.

मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाची आई चहा घेताना सारखी खाली कोब्याकडे बघत होती. ते गेल्यावर मुलगी रडली. "आई, माझ्या लग्नापुरती तरी फरशी बसव."

"त्याला फरशीशी लग्न करायचंय का?"

ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. त्या पाहुण्यांचा नकार आला. पुढे मालेगावचे आले, ते त्याच कोब्यावर मांडी घालून बसले आणि लग्न ठरवून उठले. मुलगी आजही म्हणते की मी तिचं माहेर उघडं ठेवलं. मी म्हणते, उघडं होतं, पण होतं.

मग पुढचा सिंहस्थ आला. नाशकात सिंहस्थात फूलवालीला श्वास घ्यायला फुरसत नसते. मिरवणुका, आखाडे, मंडप, जो तो हार मागतो. भाऊ मळ्यातून टेम्पोनं माल पाठवायचा. मी ओवत बसायचे, भावजय ओवत बसायची, सुट्टीच्या दिवशी यांनाही सुई दिली. ते हार कोणाच्या गळ्यात किती वेळ राहिले देव जाणे. पैसा सरळ बँकेत गेला. हप्ते यांच्या पगारातून गेले, ते मी नाकारत नाही. वरचं ओझं फुलांनी ओढलं.

कर्ज संपलं तरी कागद मिळेनात. आज साहेब रजेवर, उद्या कपाटाची किल्ली नाही, परवा मोठ्या ऑफिसातून यायचेत. पाच-सहा खेटे झाल्यावर मी टोपली घेऊनच गेले आणि काउंटरसमोर खाली बसून गजरे ओवायला लागले.

"मावशी, इथं बसता येणार नाही."

"कागद द्या, उठते."

लोक बघायला लागले. एका बाईनं तर भाव विचारला. दुपारपर्यंत किल्ली सापडली. यांनी सही केली आणि कागद मी घेतले. घरी येऊन माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवले आणि म्हटलं, "आता बोलवा गुरुजींना."

वास्तुशांतीच्या दिवशी दाराला माझ्याच हातचं तोरण होतं. गल्लीत मांडव, मांडवात आचारी. मुलगी लेकरू घेऊन आली होती, दीर गाडी घेऊन आले होते. वास्तुपुरुष पुरायला आग्नेय कोपऱ्यात कोबा फोडून खड्डा केला होता. आम्ही दोघं पाटावर, उपरण्याला माझ्या पदराची गाठ.

पूजा नवरा करतो. बायकोनं शेजारी बसून त्याच्या हाताला हात लावायचा, एवढंच तिचं काम. पण तेवढं हवंच. गुरुजी मधून मधून सांगत होते, "वहिनी, हाताला हात. तुमचा हात नसेल तर हे सगळं वाया." मी लावत होते. इतकी वर्षं ओढून आणलं आणि आज कोपराला बोट लावून बसलेय, हे मनात येत होतं. तरी लावत होते.

होम पेटला. मागे खुर्चीवर दीर पाहुण्यांना सांगत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता कागद सुटले ना. पुढच्याच महिन्यात वरचा मजला. बँकेत साहेब माझ्या ओळखीचे आहेत. थोरल्या भाऊनं मला शब्द दिलाय, कागद ठेवले की लगेच कर्ज. खाली फरशी, वर दोन खोल्या. आता जरा माणसासारखं राहतील."

मी यांच्याकडे पाहिलं. हे विस्तवाकडे बघत होते.

"शब्द दिला?"

"नंतर बोलू," हे पुटपुटले.

मी हात काढून घेतला.

गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. "वहिनी, हाताला हात."

"नाही लावत."

"अहो, आहुती द्यायचीय."

"घर परत बँकेकडे जाणार असेल तर ही शांत माझ्या घराची नाही. मी कशाला हात लावू?"

मागे कुजबुज सुरू झाली. मुलगी वाकून कानाशी म्हणाली, "आई, लोक बघताहेत."

"बघू दे. जेवायला आलेत, थांबतील."

दीर खुर्चीवरून उठले. "वहिनी, ही काय वेळ आहे का? मजला काय मी माझ्यासाठी बांधतोय?"

"भाऊजी, तुमची कांदा साठवायची चाळ गहाण टाका आणि त्यावर मजला चढवा. हार मी फुकट आणून घालते."

कोणीतरी हसलं. दीर लाल झाले. आचाऱ्यानं दारातून डोकं आत घालून विचारलं, "वाढायला घ्यायचं का?" गुरुजी विस्तव विझू नये म्हणून तूप घालत होते आणि घड्याळ बघत होते. "पुढे पंचवटीत सत्यनारायण आहे माझा," ते म्हणाले. "तुमचं काय ते ठरवा बुवा."

"अगं, तमाशा नको करूस," हे हळूच म्हणाले. "करू काहीतरी."

"काहीतरी नको. अग्नी समोर आहे. म्हणा, कागद परत बँकेत जाणार नाहीत."

"नाही जाणार."

"मोठ्यानं. भाऊजींना ऐकू जाईल असं."

त्यांचा चेहरा असा झाला की दुसऱ्या कुठल्या दिवशी मला ताट फेकून मारलं असतं. पण पाटावरून उठता येत नव्हतं, माझ्या पदराची गाठ होती. ते मोठ्यानं म्हणाले, "कागद बँकेत जाणार नाहीत."

"गुरुजी, ऐकलंत?"

"ऐकलं, ऐकलं. हात लावा आता."

मी हात लावला. गुरुजींनी उरलेले मंत्र भराभर उरकले. दीर न जेवता गेले, असं नंतर सगळ्यांना सांगितलं गेलं. मी त्यांना मांडवात जिलबी खाताना पाहिलं आहे.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. एके दुपारी हे डबा तसाच भरलेला घेऊन घरी आले. कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली होती. कोब्यावर भिंतीला टेकून बसले. मी डबा उघडून ताटात वाढला. दारात बँकेचा माणूस आला नाही. टेम्पो आला नाही. मी म्हणाले होते ते खरं झालं, असं ते तेव्हा बोलले नाहीत आणि आजपर्यंत बोललेले नाहीत. पाहुण्यांना मात्र सांगतात, "मी कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं." मी तिथंच बसलेली असते.

परवा मुलगा म्हणाला, "आई, वर दोन खोल्या काढू या. घराचे कागद कुठे ठेवलेत?"

"काढ की," मी म्हटलं. "सळया आहेत वर. पैसे आण आणि बांध. कागद मागायचे नाहीत."

तो पाय आपटत गच्चीवर गेला. मीही मागोमाग गेले. त्या सळयांना बांधलेल्या दोरीवर माझे कपडे वाळत होते, ते काढायचे होते.