लाल म्हणजे घट्ट

आमच्या घरात विमान बांधलं गेलं, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक आधी हसतात आणि हसून झालं की विचारतात, "मग उडालं का?" उडालं. दोनेक मिनिटं उडालं असेल.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तीन वर्षांचा असताना पोलिओ झाला आणि त्याचा डावा पाय वाळला. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घालून तो आयुष्यभर चालला. ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता, मी डोंबिवलीत दुसऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. वडील लवकर गेले. दोन खोल्यांत आई आणि आम्ही दोघं. दादाचं लग्न जमलं नाही. मुलगी बघायला जायचो, पोहे व्हायचे, चहा व्हायचा, मग कुणीतरी हळूच त्याच्या बुटाकडे बघायचं आणि आम्ही घरी यायचो. परतताना मी रस्ताभर शिव्या घालायचो. दादा म्हणायचा, "अरे, पोहे मात्र चांगले होते हां."

त्याचा कॉलेजातला एक मित्र परदेशात होता. तिकडे लोक घरच्या घरी एका माणसाचं छोटं विमान जोडतात. सगळे भाग पेटीतून येतात, सोबत जाडजूड पुस्तक असतं. त्या मित्राने अशी पेटी आणली होती, पण त्याच्या बायकोने ती गराजमधून बाहेर काढायला लावली. त्याने ती बोटीने दादाकडे पाठवून दिली. आमच्या गल्लीत ट्रक थांबला तेव्हा आईला वाटलं, फ्रिज आला. पेटी उघडली तर आत अॅल्युमिनियमच्या नळ्या, कापडाच्या घड्या, तारा, एक लहानसं इंजिन आणि पिशव्या भरून नट-बोल्ट. आई म्हणाली, "हे काय, मांडवाचं सामान?"

खाडीकडच्या कोळीवाड्यात एका काकांची होडी ठेवायची शेड रिकामी होती. खाडीत मासळी उरली नव्हती, म्हणून त्यांनी होडी विकून टाकली होती. शेड त्यांनी आम्हाला दिली आणि रोज संध्याकाळी दारात बसून आमची मजा बघायला लागले. "कवा उरनार रं तुमचा इमान?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दादा सांगायचा, या दसऱ्याला. असे तीन दसरे गेले.

उशीर होण्याचं कारण पाय. ते विमान डावीकडे-उजवीकडे वळवायला दोन पावलांनी दाबायचे पॅडल होते. दादाला एकच पाऊल. म्हणून त्याने पॅडल काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी हाताने ओढायचा लिव्हर बसवायचा ठरवलं. शंभर वेळा कागदावर काढला, खोडला. मी तो तुकड्यातुकड्यांनी घडवला, आमच्या टूलरूममध्ये जेवणाच्या सुट्टीत, फोरमनची नजर चुकवून. ज्या कंपनीचं विमान, तिला दादाने रीतसर पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, मूळ रचनेत बदल करू नये. त्याने ते पत्र फाइलमध्ये उलटं करून लावलं आणि पुढच्या रविवारी पॅडलच्या जागची भोकं बुजवायला घेतली.

मित्र म्हणायचे, शेजारी म्हणायचे, आई तर उठताबसता म्हणायची, नसती उठाठेव कशाला. मीही एकदा चिडून विचारलं, "अरे, पण कशासाठी एवढं?" तो पंखाच्या नळीला कानस मारत होता. मान वर न करता म्हणाला, "जिना चढताना लोक मागून थांबतात माझ्यासाठी. कुणी थांबणार नाही असं एकदा कुठेतरी जायचंय." नंतर हे मी त्याला कधी विचारलं नाही.

रजा काढून काढून तो पुण्याच्या बाजूला एका क्लबात शिकायला जायचा. तिथे पायाचं काम शिकवणारा करायचा, बाकीचं दादा. दिल्लीला परवानगीचा अर्ज गेला होता. त्याचं उत्तर मात्र आलं नव्हतं.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी. आमच्या टूलरूमची एक पद्धत होती. डायचा, म्हणजे साच्याचा, बोल्ट पूर्ण आवळला की आवळणाऱ्याने त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. लाल म्हणजे घट्ट. मग दुसऱ्या माणसाने पाना लावून बघायचं नाही, नुसती नजर टाकायची. विमानालाही आम्ही तेच लावलं. रंग म्हणून दादाने टेंभी नाक्यावरच्या दुकानातून नेलपॉलिशची बाटली आणली. दुकानदाराने "वहिनींसाठी का?" विचारलं म्हणून तो दोन दिवस माझ्यावरच घुश्शात होता. बोल्ट मी आवळायचा, ठिपका मी द्यायचा, तपासायचं त्याने. तीन वर्षांत ही पद्धत एकदाही चुकली नाही.

चौथ्या वर्षी खरंच विमान तयार झालं. पंखांवर कापड ताणून झालं, इंजिन शेडबाहेर फिरवून झालं. इंजिनाच्या आवाजाने काकांची कोंबडी दोन दिवस घरात आली नाहीत. दसऱ्याच्या सकाळी न्यायचं ठरलं. कल्याणच्या पुढे लढाईच्या काळातली एक सोडून दिलेली धावपट्टी होती, गवत वाढलेली. आईला कबूल केलं होतं की नुसतं जमिनीवर पळवून बघायचं.

खंडेनवमीच्या दुपारी मी शेपटीत शेवटचं काम करत होतो. शेपटीला आडवी फळी असते, ती वरखाली झाली की विमानाचं नाक वरखाली होतं. तिला हलवणारा दांडा एका बोल्टने जोडला होता. त्या बोल्टचा नट आतल्या अंगाला, कापडातल्या तळहाताएवढ्या झडपेतून हात घालून आवळायचा. नट मी हाताने चढवला, दोन-तीन आटे बसले आणि तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पाटावर जातात. वडिलांपासून चालत आलेलं. पाने, कानशी, हातोडी, माप घ्यायचं वर्नियरसुद्धा. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, "आई, पाच मिनिटं थांब गं." ती म्हणाली, "ऊन कलायच्या आत व्हायला पाहिजे. आण तो पाना." मी पाना दिला. मनात म्हटलं, उद्या निघायच्या आधी आवळू.

हत्यारांची पूजा झाल्यावर ती विमानाकडे वळली. मुलगा ज्यात बसणार त्याच्या प्रत्येक नटबोल्टला कुंकू लावणार, असं तिने ठरवूनच आणलं होतं. कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही म्हणून तिने ते खोबरेल तेलात कालवलं होतं. चाकं, इंजिन, पंखांचे सांधे. आम्ही दोघं हसत होतो. दादा म्हणाला, "आई, इंजिनात नको हां, चहा होईल त्याचा." आई शेपटीशी आली. तिचा हात बारीक होता. झडपेतून कोपरापर्यंत आत घालून ती चाचपत राहिली. मी शेडबाहेर विडी ओढत होतो.

दसऱ्याला टेम्पो पहाटेच आला. पंख खिळींनी बसायचे, त्यांना पाना लागत नव्हता. हत्यारं पाटावरच राहिली. आई म्हणाली, या परत, मग उत्तरपूजा करू. गडबडीत नटाचं माझ्या डोक्यातून पार गेलं.

धावपट्टीवर दादा टॉर्च घेऊन विमानाखाली आडवा झाला. कॅलिपर लावलेला पाय एका बाजूला ओढत, पाठीवर सरकत त्याने एकेक सांधा बघितला. अर्धा तास. शेपटीच्या झडपेत टॉर्च धरून डोकावला. तेव्हा मला एकदम आठवलं. "शेपटीतला नट बघितलास?" मी विचारलं. "लाल आहे की," तो म्हणाला. "सगळे लाल आहेत. झकास." मला वाटलं, म्हणजे मीच आवळला असेल. हातसवयीने झालं असेल. माझ्या ठिपक्यावर त्याचा जेवढा विश्वास, तेवढाच त्याच्या नजरेवर माझा. आणि खरं सांगायचं तर खातरजमा करायला माझ्याकडे पानाही नव्हता.

एकदा तो पट्टीच्या टोकापर्यंत पळवून आला. हसत होता. दुसऱ्यांदा निघाला आणि निम्म्यावर चाकं गवतातून सुटली. त्याने ते मुद्दाम केलं, यात मला शंका नाही. शेडवाले काका माझ्या शेजारी उभे होते, ते "उरला रं, उरला!" म्हणून ओरडले. दोन माडांएवढ्या उंचीवर जाऊन विमान डावीकडे वळलं. लिव्हरवर वळलं, आम्ही घडवलेल्या लिव्हरवर, अगदी सफाईने. परत आमच्या दिशेने आलं. मला त्याचा हात दिसला, वर केलेला. मग विमानाचं नाक खाली गेलं आणि वर आलंच नाही.

मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

माणसं गोळा व्हायच्या आधी मी शेपटीकडे गेलो. माझ्यातला फिटर तेवढ्यातही जागा होता, याची मला अजून किळस येते. दांडा सुटून लोंबत होता. बोल्ट नव्हता. तुटला असता तर भोक फाटलं असतं, पण भोक गोल होतं, स्वच्छ. नट हादऱ्यांनी फिरत फिरत निघून गेला होता. भोकाच्या कडेला लाल डाग होता. मी त्यावर अंगठा फिरवला. नेलपॉलिश निघत नाही. तो डाग माझ्या अंगठ्यावर आला, तेलकट, आणि त्याला खोबरेलाचा वास होता.

मी अंगठा पँटला पुसला. मग रुमालाने ती जागाही पुसली.

लिव्हर शाबूत होता. मी ओढून बघितला, चालत होता. चौकशीला आलेल्या साहेबांनी तोच हातात धरून विचारलं, "हे मूळ विमानात होतं का?" मी म्हटलं, नाही. "कोणी केलं?" भावाने, मी म्हटलं. निम्मं खरं होतं. त्यांनी लिहून घेतलं. बाकी काही त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कंपनीचं ते उलटं लावलेलं पत्रही मीच काढून दिलं. तेव्हापासून सगळं जग जाणतं की लंगड्या माणसाने नको तो शहाणपणा केला आणि जिवाला मुकला. तेराव्याला आलेले लोक हेच बोलत होते. मी त्यांना ताटं वाढत होतो.

सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगणार होतो? आईला? की बाई गं, पाना तुझ्या पाटावर होता आणि ठिपका तुझा होता? असं मी स्वतःला समजावलं आणि ते सोयीचं होतं. कारण तिचं नाव घेतलं की पाठोपाठ माझं येत होतं. नट अर्धा सोडणारा मी. कुंकू लावायच्या आधी सगळे नट आवळलेत ना, हे बघायचं सोडून विडी ओढणारा मी.

आईने खंडेनवमी सोडली नाही. दरवर्षी माझी हत्यारं पाटावर मांडायची, तेलात कुंकू कालवायची. मी त्या दिवशी जादा पाळी मागून घ्यायचो. मी मुद्दाम घरी थांबत नाही हे तिला कळत होतं.

आठ-नऊ वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. शहाडला माझ्या नव्या ब्लॉकमध्ये होती. एका दुपारी मी तिला पेज भरवत होतो, तर तिने माझं मनगट धरलं. "एक विचारू? रागावशील."

"विचार की."

"त्या दिवशी माझ्याकडून एखादा राहिला का रे? शेपटीत आत काही दिसत नव्हतं. हाताला लागेल त्याला लावत गेले. पण एखादा राहिला असणार कुंकवाचा. त्याशिवाय असं झालं नसतं."

इतकी वर्षं ती हे घेऊन बसली होती. मी हातातली वाटी खाली ठेवली.

"नाही आई," मी म्हणालो. "एकही राहिला नव्हता."

"नक्की?"

"मी बघितलेलं. त्या आतल्या नटालासुद्धा लागलेलं."

तिने डोळे मिटले. चेहरा सैल पडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाली, "म्हणजे त्या लिव्हरनेच घात केला. किती सांगितलेलं त्याला, नसतं काही करू नकोस म्हणून."

मी मान डोलावली.