शॉर्टवेव्हवर ओळखलेला हात

आमच्या घरातला रेडिओ कधी गायला नाही. गल्लीतल्या बाया दुपारी गाणी ऐकायला म्हणून ओट्यावर येऊन बसायच्या, आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, काटा नेमका अशा जागी आणून ठेवायच्या की जिथं गाणं नाही, बातम्या नाहीत, माणसाचा आवाज म्हणून नाही. असायची ती नुसती किरकिर. रातकिडे डब्यात कोंडून डबा हलवावा तशी. बाया जरा वेळ बसायच्या, एकमेकींकडं बघायच्या आणि पदर झटकून उठायच्या. मी आतून ओरडायची, "आत्याबाई, सेल जळत्यात!" त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जळूं देत. त्यो बोलतोय."

तो म्हणजे माझा नवरा. फौजेत सिग्नलला, बिनतारी निरोपांच्या कामावर होता, आणि एकाहत्तरच्या लढाईत हरवला. हरवला हा शब्द मला आजही आवडत नाही, पिशवी हरवते, माणूस कसा हरवेल? पण तारेत तसंच होतं, बेपत्ता. मेला म्हणावं तर कुणी बघितलं नाही, जिवंत म्हणावं तर पत्र नाही. आमच्या कोरेगावच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत. सुटीवर आलेल्याचं काय करायचं ते गावाला पाठ होतं, कामी आलेल्याच्या घरी कसं जायचं तेही पाठ होतं. बेपत्ताच्या बायकोचं काय करायचं, हे मात्र कुणालाच येत नव्हतं. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवावं तरी पंचाईत आणि न बोलवावं तरी पंचाईत. शेवटी बायांनी तोड काढली. हळदीकुंकवाची पुडी आणि तिळगूळ आमच्या उंबऱ्यावर ठेवून कडी वाजवायची आणि मी दार उघडायच्या आत पुढं निघायचं. म्हणजे दिलंही आणि दिलं नाहीही. मी ती पुडी दरवर्षी उचलायची, आणि दरवर्षी मनातल्या मनात सगळ्या गल्लीला शिव्या घालायची.

मला एवढंच पाहिजे होतं, तो आहे की नाही हे कुणीतरी सांगावं. आहे म्हणा, मी म्हातारी होईपर्यंत थांबते. नाही म्हणा, एकदाची रडून घेते. पण सांगणारं कुणी नव्हतं, आणि घरात होती ती किरकिर.

ती किरकिर त्यानंच घरात आणली. लढाईच्या आधीच्या सुटीला येताना तो कॅन्टीनमधून ट्रान्झिस्टर घेऊन आला. चामडी कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा. गावभर मिरवून झाला. मग एका दुपारी आईला समोर बसवून तो काटा फिरवत होता, एका स्टेशनच्या काठाला आला आणि थांबला. टिक टिक, टिकटिकटिक. "आय, हे ऐक. ह्यो मोर्स. तिकडं माणूस बोटानं दाबतोय. आमच्यात नुसतं ऐकून सांगत्यात, कुणाचा हात हाय त्यो."

आत्याबाईंना हे लगेच पटलं. पटणारच. त्या घरामागच्या परड्यात बसून चुलीपुढं कोण भाकरी थापतंय ते आवाजावरून सांगायच्या. माझा हात म्हणे घाईचा होता. दोन थापट्या देऊन जरा थांबायचं आणि मग एकदम चार.

काटा आणखी थोडा सरकला आणि ही किरकिर लागली. "आन ही आमची नवी मशीन," तो म्हणाला. "टाइपरायटरवानी असती. इकडं अक्षर दाबलं की तिकडं कागदावर आपसूक उमटतं. मदी तार न्हाई, काय न्हाई, सगळं हवेतनं. आता म्या ह्येच्यावर असतो." मग त्यानं तिसराही एक आवाज लावून दाखवला, तवा उलथन्यानं एकसारखा खरवडावा तसा. म्हणाला, ह्यातनं चित्र जातं, एकेक ओळ करून, पेरणीची तासं धरावीत तसं. आत्याबाईंनी विचारलं, "फोटू बी जातो?" तो हसून म्हणाला, "फोटू बी जाईल की."

मशीन वेगळी आणि बोटाचा मोर्स वेगळा, हा फरक तो सांगायला विसरला, का सांगूनही त्यांच्या कानावरून गेला, कोण जाणे. आत्याबाईंनी दोन्हीची गाठ मारून ठेवली. लेक मशीनवर असतो, आणि हात ऐकून ओळखता येतो. बस्स.

तार आल्यावर सगळं गाव येऊन बसून गेलं. पुढच्याच आठवड्यात आत्याबाईंनी रेडिओ काढला, काटा फिरवला, किरकिर सापडली, आणि त्या ताठ बसल्या. "आगं ये, ऐक! ह्यो त्येचा हात. बग, जरा थांबतोय, मग एकदम सुटतोय. ल्हानपनी पळायचाबी असाच."

मी त्यांच्यावर चिडायची. मॅट्रिक झालेली होते मी, तासगावच्या शाळेतली. म्हणायची, आवं आत्याबाई, ह्यो आवाज कुठल्या देशातला हाय हे तरी ठाव हाय का? त्या म्हणायच्या, "देश कुटला का असंना, हात तर वळखतोय." लढाईत धरलेले कैदी सुटून आले तेव्हा त्यांत तो नव्हता. त्या दिवशी मी माजघरात पालथी पडून होते आणि बाहेर ती किरकिर चालूच होती. मला रेडिओ उचलून विहिरीत टाकावासा वाटला. आत्याबाई आत आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "कैदी न्हाई म्हंजे धरला न्हाई. कुटंतरी मशीनवर बसीवलाय त्येला. दुपारीच बोलला की." डोकं फोडून घ्यावं, दुसरं काय.

अशी वर्षं गेली. मग एका दिवाळीत माझा थोरला भाऊ मला माहेरी न्यायला आला. तो सांगलीला एका कॉलेजात कारकून होता. ओट्यावर बसून त्यानं ती किरकिर ऐकली आणि सहज बोलून गेला, आमच्या कॉलेजातल्या एका सरांना हा नाद आहे, सरकारी परवाना काढून घरी रेडिओ चालवतात. भंगारातून एक जुनी टेलिप्रिंटर मशीन आणून त्यांनी रेडिओला जोडली आहे. ही किरकिर त्यांच्याकडं कागदावर उमटते.

आत्याबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "अक्षरं उमटत्यात?"

"व्हय मावशी. अक्षरं, आकडे, सगळं."

भावावर मी डोळे वटारले, पण उपयोग नव्हता. आत्याबाई उठून ट्रंकेकडं गेल्या. ठेवणीतलं लुगडं काढलं, माझ्यापुढंही माझं इरकली टाकलं. जणू लेकालाच भेटायला निघालो होतो. वाटेत खायला दशम्या बांधल्या. त्याला आवडायच्या म्हणून चार जास्त बांधल्या. एस.टी.नं कराड, तिथून दुसऱ्या गाडीनं सांगली. सबंध वाटेत आत्याबाई रेडिओ मांडीवर धरून बसल्या होत्या आणि मी खिडकीतून ऊस बघत मनात घोकत होते, काही नसणार, काही नसणार.

सरांची खोली गच्चीवर होती. सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. गच्चीभर तारा ताणलेल्या. भावानं त्यांना एवढंच सांगितलं होतं की पाहुण्यांना मशीन बघायची आहे. "या आजी, बसा," म्हणाले आणि मोठ्या रेडिओचं चाक हळूहळू फिरवू लागले. किरकिर लागली. आमच्या ट्रान्झिस्टरवर यायची त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "ह्योच. ह्योच त्यो."

सरांनी खटका दाबला आणि मशीन धडधडायला लागली. टेबल हललं. कागद वर सरकू लागला. आत्याबाई मला पुढं ढकलून म्हणाल्या, "वाच की गं. तुला वाचाया येतंय."

मी वाचलं. आकडे होते. पाच पाच आकड्यांचे गठ्ठे, ओळीमागून ओळ, मधेच एखादं विस्कटलेलं अक्षर. आणि मी, त्यांना येडं म्हणणारी मी, त्या आकड्यांत त्याचा फौजेतला नंबर शोधायला लागले. तो मला तोंडपाठ होता, पाकिटावर इतक्या वेळा लिहिला होता. एका ओळीत त्याचे पहिले चार आकडे जसेच्या तसे आले. माझ्या कानात गरम झालं. पाचवा वेगळा निघाला. मी पुढची ओळ धरली, त्याच्या पुढची धरली. भाऊ म्हणाला, "काय बघतीयास?" मी म्हटलं, "काय न्हाई."

"हवामान आहे हे," सर म्हणाले. "कुठं वारा किती, पाऊस किती, ते आकड्यांत पाठवतात. दिवसभर चालू असतं. जगभरच्या वेधशाळा घेतात."

"आन त्ये खरवडल्यावानी वाजतं त्ये?" आत्याबाईंनी विचारलं. "त्यात फोटू असत्यात न्हवं?"

"ते चित्रच असतं, पण हवामानाचे नकाशे. माझ्याकडं त्याचं यंत्र नाही."

आत्याबाई जराही डगमगल्या नाहीत. "आकडं का असंनात. काम दिलं आसंल त्ये करत आसंल. हात त्येचाच हाय."

सरांना कळेना. मग मला सांगावं लागलं, सगळं. तो सिग्नलला होता इथपासून. मी सांगत होते तसे सर खाली बघत गेले. त्यांनी मशीन बंद केली. गच्चीवरच्या तारा वाऱ्यानं वाजलेल्या ऐकू आल्या.

"आजी," ते म्हणाले, "मोर्समध्ये हात असतो, तुमचा मुलगा खरं बोलला. माणूस स्वतः दाबतो म्हणून. या मशीनमध्ये नसतो. तुम्ही अक्षर जोरात दाबा, हळू दाबा, त्याचा आवाज मशीनच करते. ठरलेला. मी दाबलं काय, आणखी कुणी दाबलं काय, एकच."

"आसं कसं?" आत्याबाई म्हणाल्या. "मानूस हाय तर हात आसनारच."

मला त्या सरांचा राग आला. अजून आहे. होय आजी, असेल, एवढं म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण ते पडले मास्तर. खोटं शिकवायचं नाही एवढंच त्यांना येत होतं. त्यांनी मशीनची वायर एका कर्ण्याला जोडली आणि एक कळ दाबली. किर्र. भावाला बोलावून तीच कळ दाबायला सांगितली. किर्र. तीळभर फरक नाही. मग मला. मी जाणूनबुजून माझ्या घाईनं, भाकरी थापल्यासारखी, दोनदा आणि मग चारदा दाबायला गेले, पण मशीननं तो माझा प्रत्येक घाव धुऊन पुसून एकसारखा बाहेर टाकला.

"मला दाबू द्या," आत्याबाई म्हणाल्या.

खुर्ची पुढं ओढली. त्यांनी आधी पदराला हात पुसले. मग उजव्या हाताचं बोट, शेतात काम करून वाकडं झालेलं, एका कळेवर ठेवलं. किर्र. दुसरी दाबली. किर्र. मग त्या दाबतच राहिल्या, हळू, जोरात, चार बोटांनी, तळव्यानं, आणि कर्ण्यातून तेच येत राहिलं जे आमच्या ओट्यावर इतकी वर्षं येत होतं. त्यांचा लेक त्यांच्या बोटाखाली बोलत होता, आणि दाबणाऱ्या त्या होत्या.

त्यांनी हात काढून घेतला.

"म्हंजे ह्यो कुनाचाबी आसतो," त्या म्हणाल्या.

भाऊ जिना उतरून खाली गेला. मला वाटलं त्या आता रडतील, आणि मी तयारीत होते, पण त्या उठल्या, सरांना म्हणाल्या, "लय उपकार झालं बाबा," आणि दशम्यांचं अख्खं फडकं त्यांच्या टेबलावर ठेवलं.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. रेडिओ त्यांनी माझ्याकडं दिला होता आणि परत मागितला नाही. किर्लोस्करवाडी मागं पडली. मग खिडकीकडं तोंड करूनच म्हणाल्या, "तुजा भाऊ न्यायला आल्ता. जा तू. त्यो हाय, आसं म्या आता न्हाई म्हननार."

इतकी वर्षं मी त्यांच्याशी भांडत होते. सेल जळतात म्हणून, येड्यासारखं करता म्हणून, असं नसतं हो आत्याबाई म्हणून. आणि ते सगळं मला परवडत होतं, कारण घरात दुसरं एक माणूस ठामपणे म्हणत होतं की तो आहे. त्यांच्या जिवावर मी शहाणी होते. आता म्हणणारं कुणी उरलं नाही, आणि मला कळलं, ‘नाही’ हा शब्द मला ऐकायचाच नव्हता. मी त्यांचा दंड धरला आणि हलवला.

"आत्याबाई, म्हना की. हाय म्हना. मी काय बोलनार न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या कपाळावरचं कुंकू घामानं पसरलं होतं, ते त्यांनी अंगठ्यानं नीट केलं. तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले.

"कराड आलं का गं?" त्यांनी विचारलं.